बहुधा मीठ

सरांच्या खोलीत फळीवर डबे ओळीने मांडलेले असत आणि प्रत्येक डब्यावर त्यांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी डकवलेली असे. ‘बहुधा साखर’, ‘बहुधा मीठ’, ‘बहुधा धुण्याचा सोडा’. कडेच्या एका डब्यावर मात्र ‘नक्की रिकामा’ असं लिहिलेलं होतं.

घरमालकीणबाईंना या चिठ्ठ्यांचा राग यायचा. साखर त्यांनीच दुकानातून आणून दिलेली असायची. एकदा आमच्यासमोरच त्यांनी सरांना धरलं, मी आणून दिलेल्या साखरेक बहुधा म्हणतास, म्हणजे माझ्यावर विश्वास नाय काय. सर शांतपणे म्हणाले, “तुमी साखर दिल्यात ह्या नक्की. आता डब्यात काय आसा ता बहुधा.” बाई कपाळावर हात मारून आत गेल्या. नंतर त्यांनीच एका दिवशी गडबडीत सोडा साखरेच्या डब्यात ओतला. सर चहा करण्याआधी दोन दाणे जिभेवर ठेवून बघत, म्हणून त्या दिवशी वाचले. पाहुणे म्हणून गेलेल्या आम्हा मुलांचा चहा मात्र बाईंनीच केला होता, आम्ही न बघता प्यालो.

ते आम्हाला अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवत. गाव खारेपाटण. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलांना अकरावीत अचानक इंग्रजी पुस्तकं हातात देणारी ही व्यवस्था मला तेव्हाही अन्यायाची वाटत होती आणि आजही वाटते. सर त्यावर भाषण करत नसत. ते विजयदुर्गाकडचे, गलबतावर गेलेल्या घराण्यातले. वर्गात सरळ मालवणीत शिकवायचे. फक्त व्याख्या आली की खडू खाली ठेवायचे, सदऱ्याचं वरचं बटण लावायचे आणि शुद्ध मराठीत, एकेक शब्द सुटा करत बोलायचे. एका मुलाने कारण विचारलं तेव्हा म्हणाले, व्याख्येच्या समोर उघड्या अंगान जाव नये.

अमाइड हा धडा त्यांचा फार लाडका. पुस्तकात तो दीड पानात संपत होता, सरांनी त्यावर जवळजवळ अख्खा महिना काढला. “ज्या संयुगात कार्बोनिल गटातल्या कार्बनला नायट्रोजन थेट जोडलेला असतो, त्याला अमाइड म्हणतात.” एवढं बोलून ते फळ्याकडे वळायचे. कार्बन, त्याला दोन रेघांनी बांधलेला ऑक्सिजन, म्हणजे कार्बोनिल, आणि त्याच कार्बनला चिकटलेला नायट्रोजन. मग त्याच आकृतीत कार्बन आणि नायट्रोजन यांच्यामध्ये आणखी एक कार्बन घुसवायचे आणि विचारायचे, आता? आम्ही हो म्हटलं की खूश व्हायचे, कारण आता त्यांना रागावता यायचं. कार्बोनिलही आहे, नायट्रोजनही आहे, एकाच रेणूत आहेत, तरीही हे अमाइड नाही. “एका वाडीत ऱ्हवतत म्हणान नवरा-बायको होतत काय रे?” शेजारी असणं वेगळं, जोडलेलं असणं वेगळं, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की मागच्या बाकावरची मुलं ते वाक्य त्यांच्याआधी म्हणायची.

नाव देण्याची पद्धतही ते अशीच शिकवायचे. आम्लाच्या नावाचं शेपूट काढायचं आणि तिथे अमाइड लावायचं. एथेनोइक ॲसिडपासून झालं ते एथेनामाइड. साखळीतले कार्बन मोजताना कार्बोनिलचा कार्बन धरायला आम्ही विसरायचो. मग सर वर्गाच्या दारापर्यंत जाऊन उंबऱ्यावर पाय आपटायचे, घर मोजताना दार वगळतास कित्याक. नायट्रोजनवर एखादा मिथाइल गट बसला की नावाआधी ‘एन’ लिहायचा. ‘एन’ कशाला, हे त्यांनी सांगितलेलं माझ्या वर्गातला कोणी विसरला असेल असं वाटत नाही. “गावात पाहुणो इलो, इतक्याच सांगू नको. कोणाकडे उतारलो ता सांग.”

मुलांनी त्यांचं नाव अमाइड ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते रागावले नाहीत. हे नाव चुकीचं आहे, आपल्याकडे कार्बोनिल आहे याचा कोणी पुरावा दिलेला नाही, एवढं त्यांनी हजेरी घेताना सांगितलं आणि पुढचं नाव पुकारलं.

आमच्या मुलखात माणसाला टोपणनाव मिळाल्याशिवाय तो मोठा होत नाही. काळो, तिरको, बोबडो. सर ही नावं वर्गात चालू देत नसत. ज्याला सगळं गाव बोबडो म्हणत असे त्याला ते त्याच्या पूर्ण नावाने हाक मारत आणि त्याने उत्तर पुरं करेपर्यंत खिडकीबाहेर बघत उभे राहत. तो मुलगा आज शिक्षक आहे. मी हे उपकार या शब्दाच्या खाली नोंदवते, दुसरा शब्द मला मान्य नाही.

ॲसिटामाइडची गोष्ट सांगितलीच पाहिजे. एथेनामाइडचंच हे जुनं नाव. पुस्तकात छापलं होतं की त्याला उंदरासारखा वास येतो. सरांनी फोंडाघाटावरून येणाऱ्या एस. टी.च्या ड्रायव्हरमार्फत कोल्हापुरातून त्याची एक बाटली मागवली. आम्ही वास घेतला. खरोखर उंदीर. मुलींनी नाकं धरली. मग सरांनी ते विरघळवलं, गाळलं, पुन्हा स्फटिक होऊ दिले, सुकवले, पुन्हा विरघळवलं. कितीतरी तास यात गेले, बाकीचा अभ्यासक्रम मागे पडला, प्राचार्य दोनदा येऊन बघून गेले. शेवटी पांढरेशुभ्र स्फटिक त्यांनी कागदावर ठेवून आमच्या नाकांसमोर फिरवले. वासच नव्हता. वास होता तो बरोबर राहिलेल्या दुसऱ्या कुठल्या तरी घाणीचा. “बाटलीत दुसराच कोणीतरी बसला हुता,” सर म्हणाले, “आणि जल्मभर आळ ह्या गरिबावर.” मी सरांना एवढं समाधानी पुन्हा पाहिलं नाही.

आता माझ्या घराबद्दल. मी पत्रकांवर वाढले. बाबांचा छोटा छापखाना होता, एक पायाने चालवायचं ट्रेडल मशीन आणि शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, केसेस. लग्नपत्रिका आणि जत्रेचे कागद छापून घर चालायचं आणि उरलेल्या वेळात बाबा पत्रकं काढायचे. रस्त्याच्या खडीवर, रेशनच्या तांदळावर, दवाखान्यात न येणाऱ्या डॉक्टरवर. दुसऱ्यांच्या घरात रामरक्षा ऐकून मुलं मोठी होत, मी ‘बंधूंनो आणि भगिनींनो, किती दिवस सहन करणार?’ हे खिळ्यांमधून उलटं वाचत मोठी झाले. खिळे जुळवायला मी सहावीत शिकले. बाबांचा शब्द मला शेवटचा वाटायचा, कारण तो छापलेला असायचा.

बारावीच्या वर्षी श्रावणात गावात खतावरून गदारोळ झाला. आमच्याकडे जुन्या शेतकऱ्यांची खत पारखायची एक रीत होती. चिमूटभर खत तळहातावर घ्यायचं, त्यात पानाचा चुना घालायचा, अंगठ्याने मळायचं आणि वास घ्यायचा. अमोनियाच्या वासाने नाकात झिणझिण्या आल्या की खत खरं. तोवर गावात अमोनियम सल्फेट यायचं आणि त्याच्याबाबतीत ही परीक्षा कधी चुकली नव्हती. त्या वर्षी सल्फेट आलंच नाही, युरिया आला. भाताची लावणी झाली होती, रोपं पिवळी पडायला लागली होती, माणसांनी पोती घरी नेली, चुना मळला आणि वास आला नाही. एकाच्या नाही, दहाजणांच्या नाही, कोणाच्याच पोत्याला नाही. गावात ज्यांच्या नाकावर सगळ्यांचा भरवसा होता असे एक म्हातारे शेतकरी होते, सगळे त्यांना आबा म्हणत. आबांनीही मळून बघितलं, दोन दाणे जिभेवर ठेवले आणि थुंकले. पांढरं, खारट, बिनवासाचं. मीठ आसा, ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्यांत झालं की दुकानदाराने खतात मीठ मिसळलं.

दुकानदार असा होता की त्याच्याबद्दल काहीही सांगितलं तरी लोकांचा विश्वास बसावा. गिऱ्हाइकाशी तो कुत्र्यासारखं बोलायचा. खताचं पोतं हवं तर किडीच्या औषधाची बाटलीही घ्यावीच लागेल, नाहीतर खत शिल्लक नाही, असा त्याचा खाक्या. शिवाय तो आमच्या कॉलेजच्या कमिटीवर होता आणि सरांची नेमणूक दर जूनमध्ये त्याच कमिटीच्या सहीने नवी व्हायची.

ठरलं असं, की आठवड्याच्या बाजारादिवशी दुकान घेरायचं, पोती नदीत ओतायची आणि दुकानदाराच्या तोंडाला काळं फासायचं. बाबांनी पत्रक लिहिलं. मथळा ‘शेतकऱ्याच्या ताटात व्यापाऱ्याचं मीठ’. मी ते जुळवलं, आणि खरं सांगते, तसा मथळा जुळवताना हात आपोआप भरभर चालतात.

बाजाराच्या आदल्या दुपारी सर चाचणीची प्रश्नपत्रिका छापायला घेऊन आले. मशीनवर आमच्या पत्रकाचा फर्मा, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांची चौकट, चढवलेला होता. सर वाकून तो वाचू लागले. वाचून झाल्यावर त्यांनी बाबांना विचारलं, खतात मीठ आहे हे कोणी ठरवलं. बाबा म्हणाले, गावाने. सरांनी विचारलं, कसं. बाबांनी चुन्याचं सांगितलं.

सरांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मला कळलं की आता माझ्यावर येणार.

“सांग गो,” ते मला म्हणाले. “अमाइड म्हणजे काय?”

मी व्याख्या म्हटली. शाई लागलेले हात मागे धरून, बाबांच्या समोर.

“युरिया कोण?”

कार्बोनिक आम्लाचे दोन्ही ओएच काढून त्या जागी नायट्रोजनचे गट बसवले की युरिया होतो, म्हणजे एकाच कार्बोनिलला दोन्ही बाजूंनी नायट्रोजन, म्हणजे तो अमाइडच, असं मी सांगितलं. सांगतानाच माझ्या लक्षात यायला लागलं की हे वाक्य कुठे चाललंय.

“मगे तेका थंड चुनो लावलो तर अमोनिया सुटतलो?”

“नाही सर,” मी म्हटलं. “सल्फेटमधून लगेच सुटतो. ह्यात नायट्रोजन कार्बोनिलला बांधलेला आहे. तापवावं लागेल.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. तोवर त्या छापखान्यात त्यांच्या पत्रकाविरुद्ध कोणी काही बोललं नव्हतं, निदान घरातलं तरी नाही. मग ते सरांना जे बोलले ते कडू होतं. गावच्या नाकापेक्षा पुस्तक मोठा काय, आणि तो कमिटीवर आसा म्हणान तुमका त्याचो पुळको इलो काय.

सर रागावले नाहीत. तो कमिटीवर आहे हे नक्की, ते म्हणाले. पुस्तक छापलेलं आहे, तुमचं पत्रकही छापलेलं आहे, दोन्हींवर विश्वास नको. उद्या बाजारात सगळ्यांसमोर तापवून बघू. मीठ निघालं तर पत्रकं मी स्वतः वाटीन. आणि नाही निघालं तर नदीत मीठ नाही, तुमच्याच भाताचं खत ओतलं जाईल, या पावसात दुसरं कुठून आणणार. या शेवटच्या वाक्यानंतर बाबा मशीनकडे वळले. पत्रकं छापून झाली, पण गठ्ठा बांधून कोपऱ्यात ठेवला गेला.

बाजारात माणसं जमली होती ती बघायला नव्हे, करायला जमली होती. कोणाच्या तरी हातात काजळीचं डबडं होतं. दुकानदार फळ्या अर्ध्या लावून आत उभा राहून शिव्या देत होता. सरांनी चहावाल्याकडचा स्टोव्ह मागून घेतला आणि दोन लोखंडी पळ्या. पोतं त्यांनी स्वतः उघडलं नाही, लोकांनी परत आणलेल्या पोत्यांतलं कोणतं उघडायचं ते आबांना निवडायला सांगितलं, आबांनी आपलंच पुढे केलं, आणि खतही आबांच्याच हाताने पळीत घातलं. दुसऱ्या पळीत बाजारातलं मीठ. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, कमिटीचो माणूस इलो, पुढच्या जूनची सही आतापासूनच व्हयी वाटता. लोक हसले. मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. सरांनी स्टोव्हला पंप मारला.

आधी खत वितळलं. साखरेच्या पाकासारखं पाणी झालं, मग बुडबुडे आले. सरांनी खिशातून तांबड्या लिटमसचा कागद काढला, ओला करून वाफेवर धरला. तो निळा झाला. पण लिटमस गावाच्या ओळखीचा नव्हता. सर बाजूला झाले आणि म्हणाले, “आबा, वास घेवा.”

आबा वाकले आणि झटक्यात मागे आले. डोळ्यांतून पाणी. अर्ध्या आयुष्यात हजार वेळा घेतलेला वास त्यांनी ओळखला, आणि तो कोणालाही सांगावा लागला नाही, कारण तेवढ्यात तो पुढच्या रांगेपर्यंत पोचला होता. सरांनी ज्योत मोठी केली. खत धूर होऊन गेलं, पळी कोरडी झाली. दुसऱ्या पळीतलं मीठ तडतडलं आणि होतं तसंच राहिलं.

आबा पळीकडे बघत होते. मला तेव्हा दुकानदारापेक्षा त्यांचीच काळजी वाटली. एवढी वर्षं गाव ज्या नाकावर चाललं ते सगळ्यांदेखत खोटं पडलं होतं.

“मगे माझो चुनो खोटो काय मास्तर?” त्यांनी विचारलं.

“चुनो खरो,” सर म्हणाले. “तुमी सल्फेटाक विचारूचो प्रश्न युरियाक विचारल्यात. तेना उत्तर दिल्यान नाय, इतक्याच.”

आबांनी मान हलवली. मग तेच पोतं त्यांनी आपल्या पाठीवर चढवून घेतलं आणि शेताकडे निघाले. त्यांच्यामागून दुसरा, मग तिसरा. काजळीचं डबडं कुठे गेलं ते दिसलं नाही.

दुकानदाराने सरांचे आभार मानले नाहीत. उलट रांगेतल्या पहिल्याच गिऱ्हाइकाला सांगितलं, पोतं हवं तर बाटली घे. सर तिथेच उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा छापखान्यात आले आणि बाबांना म्हणाले, आता पत्रक काढा. त्या रात्रीच्या जेवणापर्यंत दोघं मजकुरावर भांडत होते. बाबांना ‘रक्तपिपासू’ हवा होता. सर विचारत होते, रक्त कोणी पाहिलं. बाबांना ‘वर्षानुवर्षं’ हवं होतं, सर विचारत होते, कधीपासून. शेवटी जे उरलं त्यात एकही विशेषण नव्हतं. अमुक दिवशी, अमुक शेतकऱ्याने युरियाचं पोतं मागितलं, औषधाची बाटली घेतल्याशिवाय ते मिळालं नाही. अशा माणसांनी आपापल्या नावाने सांगितलेल्या हकिकती, एकाखाली एक, आणि खाली त्यांच्या सह्या. मला ते पत्रक मेलेलं वाटलं. मी ते जुळवताना चिडले होते. मग सर म्हणाले, मी उभा होतो तिथे, मी ऐकलंय, माझंही नाव घाला. बाबा म्हणाले, तुमची नेमणूक त्याच्या हातात आहे. सरांनी स्वतःचं पूर्ण नाव कागदावर लिहून दिलं, हुद्द्यासकट, आणि त्याखाली गावाचं नाव.

तालुक्याचा शेतकी अधिकारी ते पत्रक हातात घेऊन आला. बाबांनी तोवर काढलेल्या एकाही पत्रकाच्या मागे कोणी अधिकारी आलेला नव्हता. त्याला प्रत्येक ओळीत विचारायला एक माणूस सापडला. बाटलीची सक्ती बंद झाली. ती रागाने नाही, त्या रुक्ष यादीने बंद झाली, हे मला पचवायला वेळ लागला. आज मी लिहिते, भांडण्यासाठीच लिहिते, आणि माझा राग मला आवडतो. पण कोणाचं नाव लिहिण्याआधी माझा हात थांबतो आणि मी विचारते, हे याला थेट जोडलेलं आहे, की नुसतं शेजारी आहे? ही सवय मला कोणत्याही पत्रकाने दिली नाही.

जूनमध्ये सरांची नेमणूक झाली नाही. विद्यार्थी कमी, एवढं कारण. बाबा मोर्चा काढायला निघाले होते. सरांनीच अडवलं, कमिटीने माझ्या सहीमुळे काढलं हे तुम्हाला माहीत आहे, दाखवता येईल का? बाबांनी मोर्चा काढला नाही आणि मला अजूनही ते मान्य नाही.

विजयदुर्गाची एस. टी. सकाळची होती. बाबांनी सरांची ट्रंक डोक्यावर घेतली, कोणाला हात लावू दिला नाही. घरमालकीणबाई आल्या होत्या, आबा आले होते, वर्ग जवळजवळ सगळा. आणि स्टँडच्या कडेला, छपराखाली, दुकानदारही उभा होता. तो का आला ते कोणालाच कळेना. गाडी लागली तेव्हा तो पुढे आला. आवाजात नेहमीचा गुरगुराट नव्हता. कितीतरी महिने त्याला छळत असलेली गोष्ट असावी.

“मास्तर, एक सांगा. बाजारात तुमी माझ्या बाजून बोललात. मगे माझ्या विरुद्ध सही कित्याक केल्यात?”

सरांचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता. त्यांनी तो खाली घेतला आणि नीट त्याच्याकडे वळले, वर्गात अवघड शंका विचारणाऱ्या मुलाकडे वळायचे तसे.

“मी तुमच्या बाजूनय बोलूक नाय आणि विरुद्धय बोलूक नाय,” ते म्हणाले. “एकदा जा नाय हुता ता नाय म्हटलंय. एकदा जा हुता ता होय म्हटलंय.”

कंडक्टरने घंटी मारली. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी दुकानदार तिथेच होता, आणि बाबा, ज्यांनी आयुष्यात त्याला कधी राम राम घातला नव्हता, त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले.